घमापुरातला भोलाराम आणि गिरगावातला धोंडो भिकाजी

हरिशंकर परसाईंच्या ‘भोलाराम का जीव’ या कथेत मेलेल्या माणसाचा पत्ता नीट दिलेला आहे. शहर जबलपूर, मोहल्ला घमापुर, नाल्याकडेचं दीड खोलीचं मोडकळलेलं घर. चित्रगुप्ताच्या वहीत सगळी नोंद आहे, फक्त भोलारामचा जीव यमलोकी पोचलेला नाही. पाच दिवसांपूर्वी यमदूताबरोबर तो निघाला आणि वाटेत निसटला. मग नारद त्याला शोधायला पृथ्वीवर उतरतो. भोलाराम सरकारी नोकर. निवृत्त होऊन पाच वर्षं झालेली आणि पेन्शन एकदाही हाती पडलेली नाही. नारद कचेरीत या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो, शेवटी साहेबापुढे उभा राहतो आणि अर्जावर वजन म्हणून स्वतःची वीणा देऊन टाकतो. फाईल येते. नारद मोठ्यानं भोलारामचं नाव घेतो आणि फाईलमधून ओ येते. जीव तिथेच असतो, पेन्शनच्या अर्जांना चिकटलेला. स्वर्गाचं बोलावणंही त्याला नको असतं.

हिंदी वाचकाला ही कथा पाठ आहे. मराठी वाचकाला त्याच सुमाराचा एक दुसरा नोकरदार पाठ आहे: पु. ल. देशपांड्यांच्या ‘असा मी असामी’मधला (1964) धोंडो भिकाजी जोशी. गिरगावात राहणारा, बेनसन जॉनसन कंपनीत कारकुनी करणारा, बदलत्या काळापुढे गोंधळलेला. त्याच्या आगेमागे ‘बटाट्याची चाळ’ (1958) उभी आहे. पुस्तकातून रंगमंचावर, रंगमंचावरून ध्वनिफितींवर गेलेला हा आवाज मराठी घरांत इतका मुरला आहे की पन्नाशी-साठीचं दशक म्हटलं की आपल्याला आधी तोच ऐकू येतो. स्वस्ताई होती, शेजार होता, माणसं साधी होती आणि हसणं निर्मळ होतं, असं आपण त्या आवाजाच्या आधारानं सांगतो.

परसाई आणि पु. ल. यांच्या वयांत फार अंतर नाही, आणि त्यांचे हे दोन नोकरदार एकमेकांचे समकालीन आहेत. तरी त्यांना शेजारी बसवून वाचण्याची पद्धत ना हिंदीत आहे ना मराठीत. ‘व्यंग्य’ तिकडचं, ‘विनोद’ इकडचा, अशी वाटणी झालेली आहे. या दोन माणसांना एकत्र वाचलं की त्या दशकाविषयीची आपली समजूत डळमळते, आणि खुद्द पुलंचं पुस्तकही वेगळं दिसू लागतं, एवढंच मला इथे मांडायचं आहे.

सुरुवात एका शब्दापासून करावी लागेल. युरोप-अमेरिकेच्या साहित्याचा इतिहास लिहिताना 1945 नंतरच्या काळाला सहज ‘युद्धोत्तर’ म्हणतात. आपण त्याच काळाला ‘स्वातंत्र्योत्तर’ म्हणतो. ते बरोबरच आहे. पण त्या शब्दाच्या प्रकाशात युद्ध दिसेनासं होतं. नवकाव्य आणि नवकथा यांच्या संदर्भात महायुद्धाचा उल्लेख आपण करतो, मर्ढेकरांवर लिहिताना तर हमखास. विनोदी वाङ्मयाबद्दल लिहिताना मात्र करत नाही. जणू युद्धाचा परिणाम फक्त गंभीर लेखकांवर झाला आणि हसणाऱ्यांच्या घरात त्याची झळ पोचलीच नाही.

मी राहते त्या घमापुरात हे विसरता येत नाही. इथल्या चौकातून कांचघर आणि सतपुल्यावरून जाणारा रस्ता गन कॅरेज फॅक्टरीकडे आणि पुढे रांझी-खमरियाकडे जातो. गन कॅरेज फॅक्टरी 1904 सालची, खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी दुसऱ्या महायुद्धातली, आणि सैन्याच्या गाड्या बांधणारी व्हेईकल फॅक्टरी 1969 सालची, म्हणजे चीन आणि पाकिस्तानबरोबरच्या लढायांनंतरची. या बाजूच्या किती तरी घरांतला पहिला नियमित पगार, पहिली सायकल आणि पहिला रेडिओ तोफगोळ्यांच्या कारखान्यातून आलेला आहे. ओव्हरटाइम हा शब्द इथल्या बायकांनाही सणावारांसारखा ओळखीचा. भरभराट आणि युद्ध यांचा संबंध इथे कुणी पुस्तकातून शिकत नाही.

मुंबईच्या चाळीचा युद्धाशी संबंध इतका उघड नाही, पण तो आहे. युद्धकाळात मुंबईतल्या भाड्यांवर निर्बंध आले आणि पुढे 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं 1 सप्टेंबर 1940 या दिवशीचं भाडं हे प्रमाण धरलं. युद्धातल्या महागाईबरोबर नोकरदाराच्या पगारात महागाई भत्त्याची भर पडली. भत्ता वाढत गेला, भाडं जागेवर राहिलं. पगार मोठे नव्हते. पण घरभाड्याचा बोजा वर्षागणिक हलका होत गेलेला भाडेकरू हा त्या दशकातला एक नवा प्राणी होता. मालकाला डागडुजी परवडेनाशी झाली किंवा तो ती टाळू लागला, म्हणून चाळ गळू लागली. आणि भाडेकरूच्या हातात चार पैसे राहू लागले, म्हणून त्याच चाळीत सहली, संगीतिका आणि सांस्कृतिक कार्यक्रम सुरू झाले. ‘बटाट्याची चाळ’मध्ये या दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी आहेत. आपण त्यांना स्वभावाच्या गमती म्हणून वाचतो. सोकाजीनाना त्रिलोकेकर आणि आचार्य बर्वे यांच्या हौशीमागे एक गोठवलेलं भाडं आहे, हे लक्षात घेतलं तर पुस्तकाचा दर्जा कमी होत नाही. उलट पुलंची नजर किती नेमकी होती ते कळतं. गच्चीसाठी मालकाशी झगडणाऱ्या भाडेकरूंच्या प्रकरणाला त्यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेवरून नाव दिलं, ते निव्वळ विडंबनासाठी नाही. भाडेकरू हा त्या शहराचा राजकीय नागरिक झाला होता.

आता भोलारामकडे पाहा. वर्षभराचं भाडं थकलेलं, मालक घराबाहेर काढायच्या तयारीत. तेवढ्यात भोलारामनंच जग सोडलं. त्याच्यावर प्राप्तिकराची थकबाकी होती का, अशी शंका निघते तेव्हा चित्रगुप्त सांगतो की मिळकतच नव्हती तर कर कुठला, माणूस उपाशी होता. ही कथा दारिद्र्याची म्हणून शिकवली जाते. मला ती भरभराटीची कथा वाटते. ती ज्या यमलोकात सुरू होते, तिथे बांधकामाची धूम आहे. धर्मराज नारदाला सांगतो की नरकात जागेची टंचाई होती ती आता मिटली; पृथ्वीवरून मोठे गुणी कारागीर आले आहेत. पूर्ण पैसे घेऊन रद्दी इमारती उभारणारे ठेकेदार, त्यांच्याशी संगनमत करून पंचवार्षिक योजनांचे पैसे खाणारे इंजिनियर, कधीच कामावर न आलेल्या मजुरांची हजेरी भरून मजुरी खिशात घालणारे ओव्हरसियर. त्यांनी नरकात भराभर इमारती बांधल्या. पहिली योजना 1951 ते 1956, दुसरी 1956 ते 1961. धरणं, कारखाने, कचेऱ्या, वसाहती. पैसा खरोखर खेळत होता. तो पैसा भोलारामच्या दारावरून कसा गेला, याची ही कथा आहे.

या दोन घरांत वस्तूंची हालचाल कशी होते, हे पाहिलं की फरक फार स्वच्छ दिसतो. धोंडो भिकाजीच्या घरात वस्तू येतात. अंगावरचे कपडे बदलतात, घरात काय असावं याच्या कल्पना बदलतात, मुलांना कसं वाढवावं हे बदलतं, नव्या तऱ्हेचे गुरू भेटतात. हे सारं तो स्वतः होऊन फारसं आणत नाही. बायको, नानू सरंजामेसारखा मित्र, कचेरीतली माणसं, अशा कुणाच्या तरी रेट्यानं ते येतं आणि हा त्यात अवघडून उभा राहतो. हसू येतं ते त्या अवघडलेपणाचं. भोलारामच्या घरातून वस्तू जातात. त्याची बायको नारदाला तो क्रमच सांगते: पेन्शन आली नाही, पहिले दागिने विकले, मग भांडी गेली, मग काहीच उरलं नाही. दोन्ही घरं नोकरदारांची, दोन्हीकडे त्या दशकाचा पैसा बायकोच्या हातून मोजला जातो. एकीकडे तिच्या हौशीनं, दुसरीकडे तिच्या पितळेच्या भांड्यांनी.

इथे दोघांचाही एक उणेपणा सांगायला हवा, कारण तो एकसारखाच आहे. भोलारामचा जीव कुठे अडकला असेल, याचा अंदाज घेताना नारद विधवेला विचारतो की त्याचं कुणा बाईवर प्रेम होतं का. ती संतापते, नवऱ्यानं जन्मात परस्त्रीकडे डोळा उचलून पाहिलं नाही असं ठणकावते. त्यावर नारद हसून म्हणतो की याच भ्रमावर संसार उभे असतात. ज्या घरातली भांडी नुकतीच विकली गेली आहेत, त्या घरात हा विनोद ऐकवत नाही. तो परसाईंचा नाही. नाटक-सिनेमातल्या नारदाचा आहे, सवयीनं आत आलेला. पुलंच्या सुखवस्तू होऊ पाहणाऱ्या घरांतही बायकोची हौस हे हसू पिकवायचं ठरलेलं ठिकाण आहे. बदलत्या काळाचा दोष बाईच्या खरेदीच्या यादीवर टाकणं हे त्या काळातल्या नियतकालिकांतल्या विनोदाचं सर्रास चाललेलं काम होतं, आणि दोघेही थोर लेखक त्या जागी त्या काळाच्या वर उठत नाहीत. पण परसाईंच्या कथेतली बाई नारदाला निदान उलट बोलते, आणि तिनं सांगितलेला हिशेब कथेतला सगळ्यात पक्का हिशेब आहे.

भाषांतर करताना हे सगळं शब्दांत उतरवावं लागतं आणि तिथे मराठी आपला स्वभाव दाखवते. कथेतला कळीचा शब्द ‘वजन’. कचेरीतला बाबू नारदाला सांगतो की भोलारामनं अर्ज पाठवले, पण त्यांवर वजन ठेवलं नव्हतं म्हणून ते उडून गेले असतील. नारद भाबडेपणानं टेबलावरच्या पेपरवेटांकडे बोट दाखवतो. शब्द मराठीतही तोच, आणि फाईलवर वजन ठेवणं म्हणजे काय ते मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. पण मराठीत ‘वजन’ म्हटलं की लाचेच्या आधी प्रतिष्ठा आठवते. ‘साहेबाकडे त्यांचं वजन आहे’, ‘वजन खर्ची घातलं’, ‘वजन वापरलं’ ही आपली नेहमीची वाक्यं. हिंदी कथेत जे काम नोट करते ते आपल्या भाषेत ओळख करते. मराठी मध्यमवर्ग स्वतःला लाच न घेणारा आणि न देणारा समजत आला. ओळखीनं झालेल्या कामाला तो लाच म्हणत नाही. म्हणून वाक्य जसंच्या तसं ठेवलं तरी अर्थ किंचित सरकतो आणि भोलारामचा दोष बदलतो. हिंदीत त्याच्याकडे पैसा नव्हता. मराठीत, ऐकणाऱ्याच्या कानात, त्याचं कुणाकडे वजन नव्हतं. हा सरकलेला अर्थ मला पुसावासा वाटत नाही. त्यातून धोंडो भिकाजी ज्या जगात तरतो त्या जगाचा कायदा दिसतो. तिथे कुणी तरी ओळखीचं असतंच.

दुसरा शब्द शीर्षकातलाच: ‘जीव’. मराठीत जीव अडकतो, घुटमळतो, टांगणीला लागतो. मरणाऱ्याचा जीव कशात तरी राहिला हे आपलं रोजचं बोलणं आहे, आणि पिंडाला कावळा शिवला नाही की काय राहिलं असेल याचा शोध घेणारे नातेवाईक मराठी वाचकानं नदीकाठी प्रत्यक्ष पाहिलेले असतात. त्यामुळे ‘भोलारामचा जीव’ एवढं शीर्षक वाचताच त्याला अर्धा शेवट कळलेला असतो. ‘आत्मा’ म्हणावं तर कथा एकदम कीर्तनाच्या पातळीवर जाते आणि भोलारामचा दीड खोलीचा संसार सुटतो. मला ‘जीव’च हवा. शेवटचा धक्का मराठीत थोडा बोथट होतो हे खरं, पण त्याच्या जागी दुसरं काही मिळतं. मराठी वाचक नारदाच्या आधी कावळ्याच्या बाजूनं विचार करू लागतो: याची इच्छा काय राहिली? आणि उत्तर म्हणून मुलीचं लग्न येत नाही, गावची जमीन येत नाही. येतो तो कचेरीतून निघायचा एक हुकूम. शेवटची इच्छासुद्धा सरकारदरबारी अडकावी, ही त्या दशकाची नवी गोष्ट होती.

वीणेची गोष्टही तशीच. साहेब वीणा मागतो ती स्वतःसाठी मागत नाही. त्याची मुलगी गाणं शिकते. हा तपशील वाचताना मला त्या वर्षांचा रेडिओ आठवतो. 1952 ते 1962 या काळात माहिती आणि नभोवाणी खातं डॉ. बा. वि. केसकरांकडे होतं. शास्त्रीय संगीत लोकांपर्यंत न्यावं आणि सिनेसंगीताला आळा घालावा, असं त्यांचं धोरण. आकाशवाणीवरून सिनेगीतं जवळजवळ नाहीशी झाली तशी माणसं रेडिओ सिलोनकडे वळली, आणि ऑक्टोबर 1957 मध्ये विविध भारती सुरू करून सरकारनं ती वाट पुन्हा उघडली. त्याच आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून 1955-56 मध्ये वर्षभर ‘गीतरामायण’ची 56 गाणी गेली आणि घराघरांत लोक रेडिओपुढे बसू लागले. पु. ल. स्वतः त्या काळात आकाशवाणीच्या नोकरीत होते. त्या दशकात संस्कृती ही सरकारच्या हातून वाटली जाणारी आणि वरच्या पगाराबरोबर घरात येणारी वस्तू झाली. मुलीला गाणं शिकवणं हे पायरी चढल्याचं लक्षण झालं. परसाईंचा साहेब त्या धोरणाचं फळ आहे. तो रसिक आहे आणि लाचखोर आहे, आणि या दोन्हींत त्याला काही विसंगती वाटत नाही.

मराठी वाचकाला इथे आणखी एक गोष्ट ऐकू येते जी हिंदीत इतकी मोठ्यानं वाजत नाही. आपल्याकडे कीर्तनकार उभा राहतो ती नारदाची गादी. नारदाच्या गळ्यातली वीणा ही भर सभेत चार शब्द सुनावण्याच्या अधिकाराची खूण आहे. ती साहेबाच्या मुलीच्या शिकवणीसाठी जाते आणि नारद रिकाम्या हातानं उभा राहतो. ‘बटाट्याची चाळ’मध्येही जुनं सार्वजनिक गाणं-बोलणं असंच नव्या हौशीच्या ताब्यात जातं, फक्त तिथे त्याची संगीतिका होते आणि प्रेक्षक हसून घरी जातात. दोघांनीही एकच गोष्ट पाहिली आहे. एकानं तिची फजिती लिहिली, दुसऱ्यानं तिची किंमत.

सगळ्यात मोठा फरक शेजाराचा. चाळीत कुणी मेलं तर अर्ध्या तासात जिना भरतो. भोलारामच्या घरी कुणी नाही. नारद घर ओळखतो ते आईच्या आणि मुलीच्या रडण्यावरून. घमापुरात शेजार नसतो असं मुळीच नाही. इथले बोळ गिरगावइतकेच अरुंद आहेत आणि बातमी इथेही तितक्याच वेगानं फिरते. परसाई याच शहरात राहिले, इथून त्यांनी 1956 मध्ये ‘वसुधा’ मासिक सुरू केलं, मोहल्ला म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. तरी त्यांनी शेजार वगळला. कारण शेजारी आले असते तर त्यांनी वर्गणी काढली असती, डबा पाठवला असता, आणि वाचकाचं मन तिथे निवलं असतं. नागरिक आणि कचेरी यांच्यामध्ये त्यांना कुणीच उभं करायचं नव्हतं. पुलंनी नेमकं उलट केलं. त्यांच्या चाळीत शेजार इतका दाट आहे की सरकार आत शिरूच शकत नाही. म्हणून शेवटच्या चिंतनात चाळीचं सरतेपण समोर येतं तेव्हा सूर हळवा होतो. शेजार गेला तर या माणसांजवळ काय उरेल, याची धास्ती त्या हळवेपणात आहे. काय उरेल ते परसाईंनी लिहून ठेवलेलं आहे: दीड खोली, रडणारी दोन माणसं आणि उडून गेलेले अर्ज.

असं वाचलं की ‘निर्विष विनोद’ हे आपलं आवडतं विशेषण टोचू लागतं. चिं. वि. जोशींच्या चिमणरावापासून धोंडो भिकाजीपर्यंत आपण ते कौतुकानं वापरत आलो. आपल्याच परंपरेचं आरंभाचं पुस्तक, श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचं ‘सुदाम्याचे पोहे’, हे रूढींवर दात रोखून हसणारं आहे याचा त्या कौतुकात विसर पडला. पुढे झालं असं की ज्या मराठी लेखकांनी त्याच वर्षांतली दुसरी मुंबई लिहिली त्यांना आपण वेगळ्या कप्प्यात टाकलं. नारायण सुर्व्यांचं ‘ऐसा गा मी ब्रह्म’ 1962 चं, बाबुराव बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’ 1963 चं, भाऊ पाध्यांचं ‘वासूनाका’ 1965 चं. म्हणजे ही तिन्ही पुस्तकं ‘असा मी असामी’च्या अलीकडे-पलीकडे दोन वर्षांतली. एकाच शहरातली, एकाच भरभराटीच्या वेगवेगळ्या टोकांची. आपल्या वाङ्मयेतिहासात ती एका प्रकरणात येत नाहीत. मराठीनं ते दुसरं टोक पाहिलं नाही असं कुणी म्हणू नये. पाहिलं, पण हसणाऱ्यांपासून ते दूर ठेवलं. परसाई यासाठी उपयोगी पडतात. त्यांच्याकडे हसणं आणि ते दुसरं टोक एकाच वाक्यात असतं.

हे अंतर भाषांचं म्हणून सांगितलं जातं. ते पूर्ण खरं नाही. 1956 च्या 1 नोव्हेंबरपर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. परसाईंची एम.ए.ची पदवी नागपूर विद्यापीठाची. त्यांचे मित्र गजानन माधव मुक्तिबोध घरात मराठी बोलणारे आणि हिंदीत लिहिणारे. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहिणारे. एका राज्याचे कारकून, एका विद्यापीठाचे विद्यार्थी, एका घरातले दोन कवी. मग राज्यं वेगळी झाली, जबलपूरला उच्च न्यायालय मिळालं, विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि आमच्यासारखी इकडे राहिलेली मराठी कुटुंबं पुलंच्या ध्वनिफिती ऐकत आणि पाठ्यपुस्तकात परसाई वाचत मोठी झाली. एक घरचा, एक शाळेचा. दोघांची गाठ घालून देणं कुणाच्याच अभ्यासक्रमात नव्हतं.

धोंडो भिकाजीला आता मी पूर्वीसारखा वाचत नाही. त्याचा गोंधळ आधी फक्त गमतीचा वाटे. आता त्यात मला एक हिशेब दिसतो. त्याची खासगी कंपनी वेळेवर पगार देते, म्हणून त्याला नव्या कपड्यांत अवघडायला सवड आहे. पगार तीन महिने थांबला तर पुस्तकातला एकेक विनोद उलट्या दिशेनं चालू लागेल आणि आलेल्या वस्तू आल्या त्या क्रमानं बाहेर जातील. पुलंना हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. त्यांच्या नायकाचा आवाज सतत किंचित घाबरलेला आहे. आपण त्या भीतीला भाबडेपणा म्हणालो. उलट बाजूनं, पुलंच्या सहवासानंतर परसाईंची कथाही बदलते. भोलारामचं घर एकदा नांदतं होतं, तिथेही दागिने आणि भांडी होती, तिथेही कुणी तरी ती हौसेनं आणली असतील, हे लक्षात येतं. तो जन्मतः दुबळा माणूस नव्हता. तो एक नोकरदार होता ज्याचा पगार थांबला.

आणि ही केवळ जुन्या दशकाची बाब राहिलेली नाही. 1 जानेवारी 2004 पासून केंद्र सरकारच्या नागरी सेवेत लागणाऱ्यांना जुनी ठरावीक पेन्शन उरली नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये ऑर्डनन्स कारखान्यांचं मंडळ मोडून त्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या, त्यांत जबलपूरचे कारखानेही आले. भोलाराम ज्या गोष्टीची वाट पाहत अर्जात जाऊन बसला, तिच्यावर हक्कच नसलेली एक पिढी आज घमापुरातून त्याच रस्त्यानं कामावर जाते. तिला ही कथा शिकवताना पेन्शन म्हणजे काय हे आधी समजावून सांगावं लागेल, जसं गिरगावातल्या मुलाला चाळ म्हणजे काय हे सांगावं लागतं. दोन्ही शब्दांना तळटीप लागण्याची वेळ एकदमच आली आहे. निदान त्या दोन तळटिपा एकाच पानावर याव्यात.